मोटारगाडीचा ज्वर : निदान व उपचार

मनुष्याला ताप आला म्हणजे शहाणा वैद्य लगेच औषधाची पुडी त्याच्या हातावर ठेवीत नाहीं. ताप हा बहुधा स्वतः रोग नसून आंत कोठें तरी दडलेल्या रोगाचें लक्षण असतो, हें तो जाणतो. म्हणून तो आधीं नाडी पाहतो, जीभ पाहतो, ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें विचारतो आणि मगच उपचार सांगतो. मोटारगाडीचें एंजिन तापतें तेव्हांहि हाच क्रम पाळावा लागतो. हा क्रम मीं पुस्तकांत वाचला होता, वर्गांत शिकविलाहि होता. पण तो खरोखर शिकलों फोंडाघाटाच्या एका वळणावर, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून. ती हकीकत प्रथम सांगतों.

मे महिन्यांतील गोष्ट. आमच्या शेजारच्या आजींना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मिठबावहून कोल्हापुरास न्यावयाचें होतें. इस्पितळानें दुपारीं बाराची वेळ दिली होती. गाडी माझी, दहा वर्षांची. घाटांत गाडी चालविण्याचा मला सराव नाहीं, म्हणून आमच्याच शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला व आतां मोटारदुरुस्तीचें काम करणारा एक तरुण बरोबर घेतला होता. पदार्थविज्ञानांत मीं त्याला शंभरांपैकीं ३८ गुण दिले होते, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों.

कणकवलीपर्यंत व तेथून फोंड्यापर्यंत गाडी उत्तम चालली. घाट लागला आणि आमच्यापुढें एक लादलेला ट्रक आला. त्याच्या मागें पावलापावलानें चढत असतां उष्णतेचा कांटा मध्यावरून वर सरकूं लागला. तो तरुण म्हणाला, "सर, कांटो वर चढता. थांबाया." मीं घड्याळ पाहिलें आणि म्हणालों, "वेळ चुकेल. वर पोंचूं, मग पाहूं." दोन वळणें गेलीं. कांटा तांबड्या रेघेंत शिरला, लाल दिवा लागला, आणि मला न विचारतां त्यानें गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन एंजिन बंद केलें. पुढल्या झांकणाखालून सूं सूं असा आवाज येत होता. मी उतरलों, हातरुमाल हाताला गुंडाळला आणि आंतील पाण्याच्या टाकीचें झांकण फिरवावयास हात पुढें केला. त्यानें माझें मनगट घट्ट धरलें.

"सर, झांकणाक हात लावूं नकात! हात भाजतलो. कुकराचो धडो तुम्हींच शिकवल्यात मां?"

मी ओशाळलों. धडा खरोखरच मींच शिकविला होता.

एंजिन तापतें तें कां?

पेट्रोल जळतांना एंजिनाच्या नळकांड्यांत निर्माण होणारें उष्णतामान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याहि वर जातें. एंजिनाचे पुष्कळसे भाग ज्या अॅल्युमिनियमचे केलेले असतात तें ६६० अंशांवर वितळतें. एवढी आग पोटांत घेऊन तें एंजिन वर्षानुवर्षें शाबूत राहतें, याचें श्रेय त्याच्या भोंवतीं फिरणाऱ्या चार-पांच लिटर पाण्याला आहे. पेट्रोलांतील शक्तीपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामीं येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली एक तृतीयांश या पाण्याला वाहून न्यावी लागते.

आतां घाटाचा हिशेब करूं. माणसांसह गाडीचें वजन १,५०० किलोग्रॅम व चढ ६०० मीटर धरा. वर चढण्यास लागणारें कार्य १,५०० × ९.८ × ६०० म्हणजे ८८,२०,००० जूल, अर्थात् ८,८२० किलोजूल. जेवढें कार्य चाकांकडे, जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याकडे; म्हणून पाण्याच्या वांट्यालाहि सुमारें ८,८२० किलोजूल येतात. एक किलोग्रॅम पाणी एक अंशानें तापण्यास ४.२ किलोजूल लागतात. तेव्हां ३० अंशांवरील एक किलोग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास २९४ किलोजूल. ८,८२० ला २९४ नीं भागा : उत्तर ३०. म्हणजे एका घाटांत ३० लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निघते, आणि एंजिनाजवळ पाणी असतें अवघें पांच लिटर. चढावयास २० मिनिटें लागलीं असें धरलें, तर वारा व पंखा मिळून ती उष्णता बाहेर टाकीत नसतील तेव्हां हें पांच लिटर पाणी साडेतीन मिनिटांच्या आंत उकळूं लागेल. सपाट रस्त्यावर जो दोष झांकून राहतो तो घाटांत उघडा कां पडतो, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

हें पाणी फिरतें कसें तेंहि पाहूं. एक पंप त्याला एंजिनाच्या भिंतींतील वाटांमधून ढकलतो. तेथें तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरांत जातें. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या व पातळ पत्रे यांची जाळी. तिच्यांतून वारा जातो, पाणी निवतें व खालच्या नळीनें पुन्हां एंजिनांत येतें. गाडी वेगांत असतां वारा आपोआप मिळतो. ती उभी असतां किंवा रांगत असतां तो विजेच्या पंख्यानें ओढून आणावा लागतो. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचें एक लहानसें दार असतें. त्याच्या पोटांत मेण असतें. एंजिन थंड असतां हें दार बंद असतें; पाणी सुमारें ८० ते ९० अंश तापलें कीं मेण फुगतें व दार उघडतें.

पहिल्या मोटारींना ही सोय नव्हती. कार्ल बेन्झ यांनीं १८८६ सालीं आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें. त्या गाडींत पाणी केवळ उकळून उडून जाई. १८८८ च्या ऑगस्टांत त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ या आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनींतील मानहाइमहून फोर्ट्झहाइमला त्या गाडीनें गेल्या, तेव्हां सुमारें शंभर किलोमीटरांच्या त्या वाटेवर त्यांना ठिकठिकाणीं थांबून पाणी भरावें लागलें. चढावर मुलांनीं गाडी ढकलली. पुढें विल्हेल्म मायबाख यांनीं ८,००० हून अधिक बारीक नळ्यांचा, मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला व तो १९०१ च्या मर्सिडीझ गाडीला बसविण्यांत आला. आजचा रेडिएटर हा त्याचाच वंशज होय.

झांकण कां उघडूं नये?

रेडिएटरावरील वा टाकीवरील झांकण हें साधें बूच नव्हे. त्यांत स्प्रिंग असते व ती आंतील दाब वाढूं देते. दाब वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो. वातावरणाच्या दाबाखेरीज आणखी तेवढाच दाब असला तर पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें १२० अंशांवर उकळतें. घरांतील प्रेशर कुकरचें तत्त्व हेंच.

आतां असें समजा कीं आंत १२० अंशांचें पांच लिटर पाणी आहे व कोणी घाईनें झांकण काढलें. दाब तत्काळ उतरतो. १२० अंशांवरील पाण्याला पाणी म्हणून राहतां येत नाहीं. प्रत्येक किलोग्रॅममागें २० किलोकॅलरी उष्णता जास्त झाली, म्हणजे पांच किलोग्रॅममागें १००. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५४० लागतात. म्हणून सुमारें १८५ ग्रॅम पाण्याची क्षणांत वाफ होते. ती वाफ जागा व्यापते जवळजवळ ३०० लिटर, म्हणजे दीड पिंप! ही सगळी वाफ, उरलेलें कढत पाणी बरोबर घेऊन, उघडणाऱ्याच्या तोंडावर व हातांवर येते. माझा हातरुमाल तिला काय अडविणार होता?

म्हणून वाटेंत एंजिन तापल्यास पुढील क्रम पाळावा.

१. कांटा मध्याच्या वर जाऊं लागतांच वातानुकूलन बंद करावें. गाडींत उष्ण वारा देण्याची सोय असल्यास ती पूर्ण सुरू करून खिडक्या उघडाव्या. उकाडा होईल, पण तो उष्णमार्ग म्हणजे एक लहानसा दुसरा रेडिएटरच होय.

२. तरीहि कांटा उतरला नाहीं, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागीं गाडी उभी करून एंजिन बंद करावें. एक वळणहि पुढें जाऊं नये. तापानें एंजिनाचें डोकें वांकडें होतें. मग शेंकड्यांचें काम हजारांवर जातें.

३. निदान अर्धा तास थांबावें. पंख्याजवळ बोटें नेऊं नयेत. एंजिन बंद असतांहि कित्येक गाड्यांचा पंखा एकाएकीं फिरूं लागतो.

४. तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतूं नये. कंदिलाच्या तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब पडला तर तिचें काय होतें, हें आपल्या आजीला विचारा.

५. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवाली म्हणजे झांकणावर जाड फडकें टाकून, तोंड दूर ठेवून, तें थोडेंसेंच फिरवावें. राहिलेला दाब जाऊं द्यावा व मग काढावें.

आणखी एक सूचना. वर चढलेला कांटा आपोआप एकदम खालीं आला तर आनंद मानूं नये. पाणी पार निघून गेलें म्हणजे उष्णता मोजणारें साधन कोरडें पडतें व खोटें सांगूं लागतें.

निदान

आम्ही करवंदीच्या जाळीजवळ सावलींत पाऊण तास बसलों. मी मिनिटामिनिटाला घड्याळ पाही. शेवटीं आजीच म्हणाल्या, "घाई कित्याक, झिला? डोळे उद्या दाखवया." तेवढ्यांत त्या तरुणानें मला प्रश्न विचारावयास सुरुवात केली, आणि मला वाटलें, हा परीक्षक व मी परीक्षार्थी.

गाडी केव्हां तापते, वेगांत कीं सावकाश चालतांना? पाणी वरचेवर कमी होतें काय? सकाळीं गाडीखालीं ओल दिसते काय? या प्रश्नांचें मर्म असें आहे :

गाडी उभी असतां किंवा रांगत असतां तापते व वेग घेतांच निवते, तर दोष वाऱ्याचा, म्हणजे पंख्याचा. वेगांत व चढावर तापते, पण उभी असतां ठीक असते, तर पाणी पुरेसें फिरत नाहीं किंवा निवत नाहीं : रेडिएटर आंतून गाळानें अथवा बाहेरून धूळ व किड्यांनीं भरला असेल, पंप झिजला असेल, खालची नळी आंत चेपत असेल. सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत तापते व वरची नळी कढत असून खालची थंड लागते, तर बहुधा थर्मोस्टॅटचें दार बंदच राहिलें आहे.

पाणी वारंवार कमी होतें, तर गळती शोधावी. बाहेरची गळती नळ्यांचे जोड, पंप व रेडिएटर यांवर ओलीनें किंवा वाळलेल्या रंगीत डागांनीं कळते. बाहेर कोठेंच ओल नाहीं, पण पाणी तर जातें. धूर पांढरा व गोडसर वासाचा येतो, तेलाला दुधासारखा रंग चढतो किंवा टाकींत सारखे बुडबुडे येतात. तर एंजिनाच्या डोक्याखालील गॅस्केट फुटलें असावें. हा मोठा रोग. अशी गाडी चालवीत नेऊं नये, ओढूनच न्यावी.

मीं आठवून उत्तरें दिलीं. गाडी सावकाश चालतांनाच तापली होती. गाडीखालीं कधीं ओल दिसली नव्हती. मग त्यानें विचारलें, "बाजारांत उभी असतां पंख्याचा आवाज येतो का?" तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं आठ दिवसांपासून तो आवाज बंद होता, आणि गाडी किती शांत झाली म्हणून मीं समाधान मानलें होतें! सावकाश चालतांना वातानुकूलनहि गार वारा देईनासें झालें होतें. कारण त्याच्या जाळीलाहि तोच पंखा वारा पुरवितो. रोगानें दोनदां दार ठोठावलें होतें. घरधनी झोपला होता.

निवाल्यावर झांकण काढलें. पाणी खालच्या खुणेपेक्षां थोडेंसेंच कमी होतें. पिण्याचें अर्धा लिटर पाणी घालून तें भरून काढलें. नळ्या धड होत्या. एंजिन सुरू करून वातानुकूलन लावलें. वास्तविक तेवढ्यानें पंखा फिरावयास हवा, तो फिरला नाहीं. फ्यूजच्या पेटींत पाहिलें तों पंख्याचा फ्यूज जळालेला. तेवढ्याच क्षमतेचा दुसरा बसवितांच पंखा कुरकुरत फिरूं लागला.

मी म्हणालों, "सांपडला रोग!" तो हंसून म्हणाला, "फ्यूज उगाच जळत नाहीं, सर. त्याच्या मागें कांहीं तरी आहे."

हें वाक्य मुलांनीं वहींत लिहून ठेवावें. एका कारणाच्या मागें दुसरें कारण असतें, व तें सांपडेपर्यंत निदान पुरें होत नाहीं. वातानुकूलन बंद ठेवून, दाजीपूर व राधानगरी येथें थांबत व कांट्यावर नजर ठेवून आम्ही कोल्हापूर गांठलें. तेथें पंख्याची मोटर सोडविली तेव्हां तिचें बेअरिंग गंजून जड झालेलें आढळलें. मोटर जड फिरे म्हणून वीज अधिक ओढी, वीज अधिक ओढी म्हणून फ्यूज जळे, फ्यूज जळे म्हणून पंखा बंद, पंखा बंद म्हणून एंजिन तापे. फ्यूजच्या जागीं जाड तार अडकवून काम भागविणारे लोक आहेत. त्यांची गाडी पंख्याऐवजीं पेट घेण्याचा संभव असतो. आम्हीं मोटर नवी बसविली.

किनाऱ्यावरील गाड्यांविषयीं

ही गंजण्याची पीडा आपल्या किनाऱ्यावर अधिक. समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो; तें रेडिएटरच्या पत्र्यांवर, तारांच्या जोडांवर व मोटरींत बसतें. म्हणून पुळणीवर गाडी नेल्यास ती गोड्या पाण्यानें धुवावी. रेडिएटरची जाळी मात्र पाण्याचा जोर कमी ठेवून धुवावी, नाहीं तर पत्रे वांकतात. खाडीजवळच्या विहिरींचें मचूळ पाणी रेडिएटरांत कधींहि घालूं नये. त्यानें आंत गंज व खडा धरतो. अडचणींत पिण्याचें पाणी चालेल, पण मागाहून तें काढून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट शुद्ध पाण्याशीं योग्य प्रमाणांत मिसळून भरावें. कूलंट उत्कलनबिंदु वाढवितें व गंज रोखतें. तें विषारी असून चवीला गोड लागतें. म्हणून मुलें, कुत्रीं व मांजरें यांच्यापासून तें दूर ठेवावें. भरल्यावर आंत अडकलेली हवा काढून टाकावी. हवेचा एक बुडबुडाहि पाण्याची वाट अडवितो. झांकणाचें रबर फाटलें किंवा स्प्रिंग सैल झाली असेल तर झांकण बदलावें.

पालकांना एक विनंती. आपल्या गाडीचा जुना थर्मोस्टॅट टाकून न देतां शाळेला द्यावा. तो दोऱ्यानें पाण्याच्या पातेल्यांत, तळाला टेकणार नाहीं असा टांगून, शेजारीं उष्णतामापक धरून, शिक्षकांच्या देखरेखीखालीं पाणी तापवावें. कोणत्या अंशावर दार उघडूं लागतें व कोणत्या अंशावर पुरें उघडतें याची नोंद मुलांनीं करावी. पाणी निवूं देऊन तें केव्हां मिटतें हेंहि पाहावें. कित्येक थर्मोस्टॅटांवर उघडण्याचा अंश कोरलेला असतो. आपली नोंद त्याशीं ताडून पाहावी. दार उघडलेंच नाहीं, तर एक रोगनिदान आपल्या हातून झालें असें समजावें.

शेवट

आम्ही इस्पितळांत पोंचलों तों दुपारचे अडीच वाजले होते. तेथील मंडळींनीं आजींना दुसऱ्या दिवशीं सकाळीं घेतलें व शस्त्रक्रिया सुखरूप झाली. परत येतांना घाटांतील तें वळण त्यांनीं स्वतः ओळखलें, कारण करवंदीची जाळी त्यांना आतां स्वच्छ दिसत होती.

जो उशीर टाळावा म्हणून मी कांट्याकडे काणाडोळा करीत होतों, तो उशीर झाला आणि त्यानें कोणाचेंहि कांहीं बिघडलें नाहीं. जर त्या तरुणानें माझें ऐकलें असतें, तर एंजिन गेलें असतें. आणि माझा हात धरला नसता, तर इस्पितळांत एका रोग्याऐवजीं दोन रोगी पोंचले असते. ज्ञान माझ्यापाशीं होतें, पण घाईनें त्याच्यावर पडदा टाकला होता. त्याच्यापाशीं तेंच ज्ञान हातांत उतरलेलें होतें. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंतील ३८ गुण मला आतां बदलतां येत नाहींत. परंतु त्या दिवशींच्या परीक्षेंत त्याला शंभरांपैकीं शंभर व त्याच्या शिक्षकाला किती, हें मीं येथें लिहीत नाहीं.